अडलेला हँडब्रेक आणि तीन जाणते

आमच्या जुन्या गाडीचा फोटो तुम्ही नातवंडं तिकडे मित्रांना दाखवता असं कळलं. फोटोत ती छानच दिसते, कारण फोटोत हँडब्रेक ओढावा लागत नाही.

पुढच्या दोन सीटांमधली ती दांडी गेली काही वर्षं सहजी हलत नव्हती. दोन्ही हातांनी ओढली तर दोन बोटं वर यायची आणि मग खाली जायला नकार द्यायची. तुमच्या आजोबांनी यावर एक उपाय काढला होता. वीट. गाडी थांबली की उतरून मागच्या चाकाला वीट लावायची, निघताना ती डिकीत टाकायची. गिरडच्या टेकडीपाशी एकदा वीट विसरली, तर परतताना वाटेतल्या एका बांधकामावरून दुसरी मागून घेतली. ब्रेक दुरुस्त करावा, हे मात्र सुचलं नाही. "वर्धा सपाट आहे," असं म्हणायचे, जणू गाव त्यांनीच रूळ फिरवून सपाट केलं होतं.

यंदा मात्र गाडीची नोंदणी नव्याने करायची होती. आरटीओच्या मैदानात एक चढ आहे. निरीक्षक तिथे गाडी उभी करून हँडब्रेक लावायला सांगतो. घसरली की नापास. आणि नापास झाली तर भंगारात द्यायची, असं तुमच्या बाबांनी फोनवर बजावलं होतं. आजोबांना वाईट वाटलं, पण चहाबरोबर संपेल इतकंच. मोतीबिंदूनंतर ते गाडी चालवत नाहीत. चालवते मी, दर बुधवारी, हिंगणीला, अंथरुणाला खिळलेल्या माझ्या बहिणीकडे. बसने जाऊन अंधाराच्या आत परतणं आता मला झेपत नाही. गाडी गेली की माझे बुधवार गेले.

तपासणी सोमवारी होती. गुरुवारी मेकॅनिक आला. दांडीला हातही न लावता म्हणाला, "केबल जाम हाय काकू. मले त पाह्यल्याबरोबर समजते." केबल बदलली. दांडी तशीच. शुक्रवारी आजोबांचे एक मित्र आले, आष्टीचे निवृत्त व्यापारी. आयुष्यभर कापूस विकला, त्यामुळे गाड्यांमधलं त्यांना सगळं कळतं. त्यांचं निदान होतं ग्रीस. केबलला इतकं ग्रीस चोपडलं की ते अंगणात ठिबकलं. दांडी तशीच. शनिवारी ते दोघंही हजर असताना आजोबांनी जाहीर केलं की दोष मागच्या चाकांत आहे, ब्रेकचे दोन्ही ड्रम उघडा.

"सोमवारच्या आत परत लागतील का?" मी विचारलं.

"पाहू ना काकू," मेकॅनिक म्हणाला. आपल्या भागात 'पाहू' म्हणजे 'नाही', हे तुम्हाला एव्हाना माहीत असावं.

गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक कपाटात, फ्रिजच्या कागदांशेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं आहे. माझ्या घरात कागद सापडतात. ते काढलं. त्यात सरळ लिहिलं होतं की आधी केबल दांडीपासून सोडवा आणि नुसती दांडी ओढून पाहा. हलकी आली तर दोष मागे आहे, जड आली तर दांडीतच. दोन मिनिटांचं काम. मी ते तिघांना मराठीत वाचून दाखवलं.

"वहिनी, हे गाडीचं काम हाय, लोणच्याचं नाई," आष्टीचे भाऊजी म्हणाले.

"लोणचं नासलं तर मी आधी बरणीचं झाकण उघडते, भाऊजी. तीन दिवस बाहेरून तेल चोपडत नाही."

मेकॅनिक हसला आणि त्याने केबल सोडवली. नुसती दांडी ओढली. तितकीच जड. तिघंही माझ्याकडे न पाहता दांडीकडे पाहू लागले. मी कमरेवर हात ठेवून उभी होते, आणि खरं सांगते, फार बरं वाटत होतं.

मग त्याने दांडी उपसून वर्तमानपत्रावर आपटली.

आतून लाल ढेकळं पडली. कुंकू, हळद, आपट्याच्या पानाचा चुरा, आणि तांदूळ. गंजाच्या रंगाचे, दगडासारखे तांदूळ, मूठभर.

आता तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

दर दसऱ्याला गाडीची पूजा मीच करते. लोक बॉनेटवर स्वस्तिक काढतात, स्टिअरिंगला फूल बांधतात आणि मोकळे होतात. मला अर्धवट काम आवडत नाही. जीव ज्याच्यावर अवलंबून, त्या ब्रेकची पूजा आधी, असा माझा नियम होता. ओलं कुंकू, अक्षता, वर चमचाभर पाणी. हे सगळं दांडीच्या फटीतून दरवर्षी आत जात होतं. मी इंग्रजी शाळेत शिकले, विज्ञानात पहिली यायचे. लोखंडावर पाणी घातलं की काय होतं, यावर मला बक्षीसही मिळालं असतं.

"वहिनी, इतक्यात खिचडी झाली असती," भाऊजी म्हणाले.

"काकू, देवाले तांदूळ वाह्यजा," मेकॅनिक अगदी गंभीरपणे म्हणाला, "पण भोकात नोका टाकू."

आजोबा नुसते हसत होते, आणि रविवारभर फोनवर ओळखीच्या प्रत्येकाला 'आमच्याकडे हँडब्रेकमध्ये भात पिकतो' असं सांगत होते. मेकॅनिकने दात घासावेत तशी ती दांडी घासली, रॉकेलने धुतली, तेल दिलं आणि बसवली.

सोमवारी चढावर मी एका हाताने दांडी ओढली. निरीक्षकाने मागून गाडी ढकलून पाहिली, पुढून ढकलून पाहिली. "सोडा," म्हणाला. बटण दाबलं, दांडी खाली गेली. पास. आजोबा त्याला म्हणाले, "मी जातीने लक्ष घालून करून घेतलं." मी त्यांचं बोलणं खोडून काढलं नाही. खोडायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

बुधवारी हिंगणीला बहिणीला सगळं सांगितलं. ती हसता हसता ठसकली, मी तिला पाणी पाजलं.

"लहानपणी तू तुळशीलाही इतकं पाणी घालायचीस की दोन तुळशी कुजल्या," ती म्हणाली. "आईने तेव्हा माझं नाव घेतलं होतं. मार मी खाल्ला."

हे मला आठवत नव्हतं. त्या दिवशी मी तिच्याकडे ठरल्यापेक्षा तासभर जास्त बसले.