पाचटातली बॅटरी

आमच्या कॉलेजात विमानांचा एक क्लब आहे. ही विमानं म्हणजे फोमशीट कापून, गरम गोंदाने चिकटवून केलेली, हातभर लांबीची, रिमोटवर उडणारी. दुसऱ्या वर्षाला असताना मी त्या क्लबात गेले. त्याआधी दोन आठवडे मी खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत फिरत होते. आमच्या घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच. कुठल्या खोलीत विचारून जायचं आणि कुठल्या खोलीत सरळ जायचं, हे मला अजूनही नीट कळत नाही.

क्लबाचा एक नियम होता. पहिली दहा उड्डाणं सिनियर शेजारी उभा असल्याशिवाय करायची नाहीत. माझी चार झाली होती. चारही वेळा विमान वळून आमच्याकडे यायला लागलं, की सिनियर हात पुढे करून म्हणायचा, "दे इकडे." विमान पाठमोरं असताना रिमोटची काठी डावीकडे दाबली की ते आपल्या डावीकडे जातं, पण समोरून येताना सगळं उलटं होतं. नवीन माणूस तिथेच चुकतो. सिनियर रिमोट रागावून घ्यायचा नाही, काळजीने घ्यायचा. पण त्यामुळे मी विमान जमिनीवर कधीच उतरवलं नव्हतं.

आमचं घर पाथर्डी तालुक्यात. दिवाळी झाली की आई-वडील टोळीबरोबर ऊसतोडीला जातात. त्या हंगामात टोळी संगमनेरच्या बाजूला उतरली होती, माझ्या होस्टेलपासून एसटीने अर्ध्या तासावर. मी रविवारी जायचे. मी विमान बनवते हे आईने फोनवर ऐकलं आणि तिच्याकडून सगळ्या टोळीला कळलं. त्यानंतर मी टोळीच्या कोप्यांपाशी, म्हणजे झोपड्यांपाशी, पोचले की चुलती हमखास विचारायची, "आज एसटीनं आलीस व्हय? तुझं इमान कुठं सोडलंस?"

एका शनिवारी मी सिनियरला म्हणाले, मला सर्व्हो तपासायचे आहेत, रिमोट आणि बॅटरी दोन दिवस नेऊ का? त्याने लगेच दिलं. सर्व्हो म्हणजे पंखांच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी. त्या मी आधीच तपासल्या होत्या. म्हणजे मी खोटं बोलले. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

रविवारी सकाळी मी तोडीच्या फडावर पोचले. दोनेक एकर ऊस तोडून झाला होता, मोकळी जागा पडली होती. एका बाजूला तेवढाच ऊस अजून उभा होता. त्याच्या पलीकडे बांध आणि बांधाला लागून टोळीच्या कोप्या. मी आधी विजेचे खांब बघितले, मग विहीर बघितली. उसाकडे बघून मला उलट धीर आला. चुकलंच तर विमान उसात पडेल, मोडणार नाही, असं वाटलं. लहानपणी मी उसाच्या सावलीत झोपलेली आहे. ऊस ही भ्यायची गोष्ट आहे, हे माझ्या मनातच आलं नाही.

टोळीने हातातले कोयते खाली ठेवले. टोळीचा मुकादम बैलगाडीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "पाच मिनिटं हां पोरी. गाडी भरायची हाय अजून."

वडिलांनी विमान हातात धरलं, मी शिकवलं तसं. मी मोटर चालू केल्यावर त्यांनी ते पुढे ढकललं. विमान जरा खाली बसलं, मग वर गेलं. आई तोंडावर पदर धरून बघत होती. मी एक मोठा वळसा घेतला. तोपर्यंत सगळं ठीक होतं. मग ते आमच्याकडे वळलं.

उजवा पंख खाली गेला की डावा, हे मला ओळखता येईना. मी काठी दाबली तर ते आणखी कलंडलं. परत दाबली. शेजारून कुणी "दे इकडे" म्हणेल, याची मी खरोखर वाट बघत होते. विमान माझ्या डोक्यावरून गेलं, उभ्या उसाच्या मध्यावर आडवं झालं आणि आत शिरलं. आवाज अगदी किरकोळ आला, वाढं, म्हणजे उसाचा शेंडा, हलल्यासारखा.

"बसलं व्हय खाली?" चुलती म्हणाली, आणि टोळी हसली.

मीही हसायला गेले. मग माझं लक्ष अंगठ्याकडे गेलं. मोटरची काठी अजून निम्म्यावर होती. विमान पडून काही क्षण झाले होते, आणि आत पंखा उसात अडकलेला असताना मी मोटर चालूच ठेवली होती. मी काठी खाली ओढली. क्लबात पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं, की ही बॅटरी चेपली किंवा फार तापली तर फुगते आणि आपोआप पेट घेते. कधी लगेच, कधी अर्ध्या तासाने.

उसात गुडघ्याएवढं वाळलेल्या पानांचं पाचट होतं. पलीकडे कोप्या, त्याही वाढ्याच्या आणि पाचटाच्याच. एका कोपीत एका बाईचं तान्हं झोपलेलं होतं.

मी वडिलांजवळ गेले. "आबा, त्याच्यात बॅटरी हाय. ती पेटू शकती."

वडिलांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग उसाकडे. "पेटू शकती, का पेटली?"

"म्हाईत न्हाई."

मुकादमाने ते ऐकलं. त्याचा चेहरा उतरला. "ऊस जळाला तर मालक काय म्हनंल, ठाव हाय ना? टोळीनंच पेटवला म्हनंल." ते खरं होतं. जळालेल्या उसाचं पाचट काढावं लागत नाही, तोड लवकर होते. त्यामुळे कुठेही ऊस पेटला की पहिलं बोट टोळीकडे जातं. चूक माझी होती आणि नाव वीस माणसांचं खराब होणार होतं.

चुलती बांधाकडे पळाली आणि कोपीतून ते तान्हं उचलून मोकळ्या रानात आली. दोघं-तिघं घाईने उसात शिरायला निघाले. वडिलांनी त्यांना थांबवलं. "असं न्हाई. एकेकानं एकेक सरी धरा. तोडीला धरतो तशी. कोनी मधीच सरी सोडू नका." दोन वरंब्यांमधली ती वाट म्हणजे सरी. टोळीतल्या माणसांना उसात असंच चालायची सवय आहे. ते एका रांगेत उभे राहिले. मीही एक सरी धरली.

आत दहा पावलांवर काहीच दिसत नाही. पानं तोंडाला कापत होती. मी नाकाने वास घेत चालले होते, पण नुसत्या पाचटाचा वास येत होता. मग मला आठवलं, रिमोट अजून चालू आहे. विमानाला वीज मिळत असेल तर पट्ट्यांची काठी हलवल्यावर सर्व्हो वाजतील. बारीक आवाज, पण वाजतील. त्याने बॅटरीवर किती ताण येईल, हे मला ठाऊक नव्हतं. तरी मी ओरडून सांगितलं, "कोनी हलू नका. आवाज करू नका."

सगळे थांबले. मी काठी हलवली. मागे गाडीपाशी बैल मान हलवत होते, त्यांच्या घुंगरमाळा वाजत होत्या. दुसरं काही ऐकू येईना.

"बैलं," मी म्हणाले.

वडील मागे फिरले. जरा वेळाने घुंगरांचा आवाज बंद झाला. नंतर कळलं, त्यांनी एका बैलाची माळ एका मुठीत आणि दुसऱ्याची दुसऱ्या मुठीत आवळून धरली होती.

मी परत काठी हलवली. ट्र्र. परत हलवली. ट्र्र.

"हितं हाय," आईचा आवाज आला. "माझ्या सरीत. हात लावू का?"

"नको. आई, हात नको लावूस."

मी वरंबे ओलांडत तिच्याकडे गेले. विमान पाचटात नाक खुपसून पडलं होतं, एक पंख दुमडलेला. बॅटरी बाहेर आली होती, नुसत्या वायरवर लटकत होती आणि उशीसारखी फुगली होती. गोडसर, औषधासारखा वास येत होता. मी वायर ओढून सोडवली. बॅटरी हाताला गरम लागली. आईने डोक्याचं फडकं सोडून माझ्या हातात दिलं. त्यात बॅटरी गुंडाळली आणि मी त्या सरीतून सरळ पळत सुटले.

मोकळ्या रानात वडिलांनी तोवर टाचेने आणि हाताने खड्डा उकरला होता. मी बॅटरी त्यात टाकली. एक क्षण काहीच झालं नाही. मग फडकं काळं पडलं आणि फुस्स करून धूर आला. पांढरा, खूप. मुकादमाने आणि वडिलांनी पायांनी माती लोटली, वर आणखी लोटली. मातीतूनही थोडा वेळ धूर येत राहिला.

मुकादम जरा वेळाने म्हणाला, "चला, गाडी भरा," आणि टोळी कोयते उचलून कामाला लागली. आई गेली नाही. ती परत त्या सरीत शिरली आणि विमान पडलं होतं तिथलं पाचट दोन्ही हातांनी ओढून बाजूला करायला लागली. मी खड्ड्यापाशी उभी राहून सिनियरला फोन लावला. मी त्याला सगळं सांगितलं, खोटं बोलल्याचंही.

त्याने आधी विचारलं, "बॅटरी कुठंय?"

"पुरली. मोकळ्या रानात."

"पडली होती तिथं एखादा तुकडा राहिलाय का?"

"आई बघतेय."

"तू पण बघ. आणि तासभर तिथनं हलू नका, दोन्ही जागांवर लक्ष ठेवा. क्लबाचं आपण उद्या बोलू." मग तो म्हणाला, "कुणाला लागलं नाही ना?"

मी नाही म्हणाले.

मुकादमाला खड्ड्यावर लक्ष ठेवायला सांगून मी उसात गेले, तेव्हा आईने हातभर जागा मातीपर्यंत साफ केली होती आणि तिथे तळवा टेकवून बसली होती. बाहेर तिचा कोयता तसाच पडला होता. तोडीला दोघांची जोडी असते, पण वडील एकटेच तोडत होते.

"काय म्हनला?" तिने विचारलं.

"तासभर बसायचं म्हनला."

"मंग बसू की," आई म्हणाली आणि मला जागा व्हावी म्हणून जरा सरकली.