नाना आणि टायसनचं बिल

सोनवणे नाना संध्याकाळी फिरायला निघाले की कुत्रा पुढे आणि नाना मागे अशी वरात असायची. यात तसं नवल काही नाही, पुष्कळ कुत्री मालकाला ओढतच नेतात. पण टायसन ओढणाऱ्यातला नव्हता. तो जाडजूड, पिवळट, म्हातारा लॅब्रॅडोर होता आणि गल्लीतल्या मांजरांनाही वाट करून द्यायचा. नाना मुद्दामच मागे राहायचे. साखळी सैल आणि नजर टायसनच्या मागच्या पायांवर. रस्ता ओलांडायचा असला की नाना दोन्हीकडे बघून हात वर करायचे आणि मगच टायसन पाऊल टाकायचा. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कुलथे साहेब, सगळी नोकरी शेवटच्या डब्यात गेली. पुढं बघायला ड्रायव्हर असतो. मागनं गाडी सगळी येतीय का नाय, ते बघायचं काम आपलं."

नाना मालगाडीवर गार्ड होते. मनमाडलाच नोकरी, मनमाडलाच रेल्वेचं क्वार्टर. निवृत्त झाल्यावर त्यांनी नाशिकरोडला जेल रोडवरच्या आमच्या सोसायटीत, बरोबर माझ्या डोक्यावरचा फ्लॅट घेतला. त्यांच्या पत्नी सुशीलाबाई इथेच वारल्या. पुढच्याच वर्षी मुलाला कॅनडात नोकरी लागली. स्वतः हौसेने पाळलेला टायसन तो वडिलांकडे सोडून गेला. थोड्या दिवसांत न्यायची व्यवस्था करतो म्हणाला होता. ती व्यवस्था कधी झाली नाही, आणि झाली असती तर नानांनी ती मोडून काढली असती.

मला प्राण्यांचं प्रेम नाही आणि रागही नाही. मी विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्यांचे सर्व्हे करायचो. ठोकलेली गाडी बघायची, दुरुस्तीचा खर्च काढायचा, गॅरेजवाल्याने वाढवून लावलेलं खोडायचं. हे काम अनेक वर्षं केलं की माणूस कोरडा होतो, असं माझ्या घरचे म्हणतात. नानांचं नि माझं सूत जमलं ते बिलामुळेच. टायसनला गोचीड तापाने घेरलं होतं आणि गंगापूर रोडच्या एका दवाखान्यातून नाना सलाईन लावून, औषधं घेऊन आले होते. घरी न जाता ते आधी माझ्याकडे आले नि बिल माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "तुम्ही खोटी बिलं पकडायचे ना? हे पकडा."

बिलात पकडण्यासारखं काहीच नव्हतं. सगळ्या ओळी सरळ होत्या. अडचण एवढीच होती की नानांनी उभ्या आयुष्यात डॉक्टरचं बिल पाहिलेलं नव्हतं. लहानपणी वडिलांच्या नावावर रेल्वेचा दवाखाना, पुढे स्वतःच्या नावावर. हृदयाचं ऑपरेशनसुद्धा रेल्वेने नाशिकच्या मोठ्या हॉस्पिटलात करून दिलं होतं. सुशीलाबाईंच्या किडन्या गेल्यावर त्यांचं डायलिसिस वर्षानुवर्षं चाललं. "एक रुपया दिला नाय मी," नाना अभिमानाने सांगायचे. त्या अभिमानात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. नोकरी केली होती, रात्रीच्या रात्री माळावर थांबलेल्या गाडीच्या शेवटी एकटं बसून काढल्या होत्या, त्या बदल्यात मिळालं होतं.

आता मात्र त्यांना प्रश्न पडला होता. "सलाईन माणसाचं, सुई माणसाची, गोळीसुद्धा माणसाची. मग हे एवढं कशाचं?" हा प्रश्न त्यांनी त्या दवाखान्यातल्या डॉ. रौंदळ मॅडमना भर वेटिंगमध्ये विचारला. सोबतीला मला नेलं होतं. मॅडम वणीकडच्या, तिशीतल्या, बोलायला शांत. त्या म्हणाल्या, "नाना, माणसांच्या एक्स-रेला दिवसभर रांग लागते. माझं मशीन जवळपास त्याच किमतीचं, बँकेचा हप्ता तसाच, रांग मात्र नाही. शिवाय माणूस सांगितलं की गप पडतो. याला धरायला दोन माणसं लागतात, त्यांचा पगार."

नानांनी मान डोलावली. "म्हणजे रिकाम्या डब्यांचा रेक नेला तरी इंजिन तेवढंच लागतं. ते समजलं," ते म्हणाले. पण बाहेर आल्यावर मला म्हणाले, "समजलं म्हणजे पटलं असं नाय हां." मला त्यांची ही बाजू आवडायची. बहुतेक लोक बिल भरतात नि मग घरी येऊन डॉक्टरला शिव्या घालतात. नानांचं उलटं होतं. दर वेळी तोंडावर वाद घालायचा नि दर वेळी पूर्ण पैसे द्यायचे. मधे एकदा ते सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातही जाऊन आले. तिथल्या डॉक्टरांनी नाममात्र पैशात इंजेक्शन दिलं, गप्पा मारल्या आणि कुत्र्याचं पुढेमागे काही मोठं निघालं तर मॅडमकडेच न्या, असं स्वतःहून सांगितलं.

मग नानांनी जे केलं ते फक्त रेल्वेतला माणूसच करू जाणे. टायसनचा पासपोर्ट साईज फोटो काढून ते मनमाडला गेले आणि आपल्या मेडिकल कार्डावर त्याचं नाव चढवा म्हणून रेल्वेच्या ऑफिसात अर्ज दिला. तिथला क्लार्क जुना ओळखीचा. त्याने फोटो पाहिला, नानांकडे पाहिलं आणि विचारलं, "नातं काय लिहू?"

"आश्रित लिहा," नाना म्हणाले. "मुलगा नका लिहू. मुलगा कमावता झाला की बाद होतो, ते मला माहीत हाय."

क्लार्कने चहा पाजून अर्ज परत दिला. हा किस्सा सांगताना आम्ही सगळे हसायचो, नानाही हसायचे. पण त्यांनी जाण्यायेण्यात अख्खा दिवस घालवला होता आणि फोटोच्या पाच प्रती काढल्या होत्या. निव्वळ गंमत करायची असती तर एक पुरली असती. "माझ्याशिवाय त्याला कोण हाय? मग आश्रित नाय तर काय?" असं ते वर विचारायचे.

गेल्या उन्हाळ्यात टायसन जिन्यात बसला तो उठेना. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. रिक्षावाले एवढं धूड घ्यायला तयार होईनात, म्हणून मी माझी गाडी काढली. मॅडमनी सोनोग्राफी केली. पोटात प्लीहेवर मोठी गाठ होती आणि तिच्यातून रक्त झिरपत होतं. ती गाठ काढायची तर मोठं ऑपरेशन, बाहेरून भूलतज्ज्ञ, दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवायचं, चारपाच दिवस तिथंच ठेवायचं. सगळं मिळून सत्तर हजारांच्या आसपास जाईल, असं मॅडमनी स्वच्छ सांगितलं. गाठ साधी असेल तर टायसन वर्षदोन वर्षं काढेल. साधी नसेल तर त्यांनाही काही सांगता येत नव्हतं. सध्यापुरतं रक्त थांबलं होतं, त्यामुळे विचार करायला आठवडाभर हाताशी होता, त्याहून जास्त नाही.

नानांकडे पैसे नव्हते असं नाही. पेन्शन होतं, बँकेत ठेव होती. तरी त्या आठवड्यात ते वाळल्यासारखे दिसले. मी माझ्या धंद्यातलं सांगितलं. म्हटलं, "नाना, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर गेला की आमच्यात त्याला टोटल लॉस म्हणतात. मग दुरुस्ती करत नाहीत."

त्यांना राग आला नाही. त्यांनी नीट विचारलं, "टोटल लॉस हे ठरवतं कोण?"

"सर्व्हेअर. म्हणजे मी."

"गाडीचा मालक नाय?"

"मालकाला विचारलं तर तो प्रत्येक गाडी दुरुस्तच करा म्हणेल."

"मग इथं सर्व्हेअर कुठाय?" नाना म्हणाले. "मॅडमला विचारलं, त्या म्हणत्यात निर्णय तुमचा. पोराला फोन लावला, तो म्हणतो बाबा, पैसे पाठवतो, पण ठरवा तुम्ही. तुम्ही तर गाड्यांचं सांगता. सगळ्यांनी लाल-हिरव्या दोन्ही झेंड्या माझ्याच हातात दिल्या."

त्याच दिवसांत त्यांना एक वेगळंच खूळ लागलं. आपल्या स्वतःच्या ऑपरेशनला किती खर्च आला होता, हे त्यांना हवं होतं. त्याच्याशी ताडून बघितलं तर टायसनचा भाव रास्त की अवाजवी ते कळेल, असा त्यांचा हिशेब. मी त्यांना त्या हॉस्पिटलात घेऊन गेलो. काउंटरवरची मुलगी गोड बोलली, पण नानांना काय हवंय तेच तिला उमजेना. ती म्हणत राहिली, "आजोबा, तुमचं रेल्वेने भरलंय. तुम्हाला काहीच द्यायचं नाही." नाना म्हणत राहिले, "द्यायचं नाय ते ठाऊक हाय. लागलं किती ते सांग." शेवटी मीच त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "माझ्या जिवाची किंमत मलाच ठाऊक नाय. आणि कुत्र्याची बरोबर छापून देत्यात."

आठवडा संपत आला तसे ते पुन्हा मॅडमपुढे जाऊन बसले. या वेळी वाद नव्हता. "पैसे बाजूला ठेवा," ते म्हणाले. "तुमचा स्वतःचा कुत्रा असता तर?"

मॅडम म्हणाल्या, "मी पोट उघडून बघितलं असतं, नाना. गाठ एकाच जागी असती तर काढली असती. पसरलेली दिसली असती तर त्याला भुलीतून उठवलं नसतं."

"मग तसंच करा," नाना म्हणाले.

ऑपरेशन सकाळी होतं. बाहेरच्या बाकावर नाना आणि मी. शेजारी एक बाई मांजराची पेटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तासाभराने मॅडम मास्क खाली ओढत बाहेर आल्या आणि नानांसमोर उकिडव्या बसल्या. "यकृतावर आहे. बरंच आहे. मी टाके घालून उठवू शकते. काही आठवडे मिळतील, पण ते बरे जाणार नाहीत. तुम्ही म्हणाल तसं."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या पिसवांच्या औषधाची जाहिरात वाचू लागलो. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, हे सरळ सांगून टाकतो. पण त्यांचं ओझं वाटून घेणं माझ्या हातात नव्हतं.

"आता त्याला काय कळतंय?" नानांनी विचारलं.

"काहीच नाही. गाढ झोपलाय."

नानांनी चपला काढल्या, हात धुतले आणि आत गेले. दार उघडंच राहिलं होतं, त्यामुळे मला ऐकू आलं. "नका उठवू, मॅडम," एवढंच ते म्हणाले. आवाज नेहमीचा होता. बाहेर यायला मात्र त्यांना पुष्कळ वेळ लागला.

बिल अर्थातच कमी झालं होतं. नानांनी ते तिथल्या तिथे, चष्मा पुसून, ओळीने वाचलं. मग काउंटरवर परत दिलं. "भूल द्यायची फी राहिली."

"असू दे, नाना," मॅडम आतून म्हणाल्या.

"भूल दिली होती ना? मग लिहा. ती दिली म्हणून तर त्याला काय कळलं नाय." त्यांनी ती ओळ लिहून घेतली, पैसे दिले आणि पावती खिशात ठेवली. टायसनला आम्ही मनमाडजवळ त्यांच्या पुतण्याच्या शेतात पुरलं.

दिवाळीनंतर नानांनी फ्लॅट भाड्याने दिला आणि पुतण्याकडेच राहायला जायचं ठरवलं. सामानाचा टेम्पो यायला उशीर झाला म्हणून आम्ही खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो होतो. वातावरण जड होऊ नये म्हणून मी विचारलं, "नाना, तुमचा निकाल द्यायचा राहिला. मॅडमचा भाव बरोबर होता की नाही?"

"भाव बरोबरच असंल," ते म्हणाले. "मशीनचा हप्ता, जागेचं भाडं, सगळं पटलं मला. ज्याच्याकडं नाय त्यानं काय करायचं, ते मात्र नाय पटलं. तुमच्या इम्यावाल्यांनी त्याचं काहीतरी बघाया पाहिजे." मग टेम्पो दिसतो का बघायला ते फाटकापर्यंत जाऊन आले. खुर्चीत परत बसताना म्हणाले,

"पण एक सांगू का, साहेब? एवढे पैसे घालायचे म्हणून मी आठवडाभर नुसता विचार करत होतो. एवढं करून याच्या हाती काय लागंल? उठंल, खाईल, फिरंल, का नुसता पडून राहील? रोज तेच. म्हणून तर ऑपरेशनच्या टेबलापाशी 'नका उठवू' हा शब्द तोंडातून निघाला. बिल नसतं, तर मी उठवा म्हटलं असतं. डोळे मिटून म्हटलं असतं."

मी म्हटलं, "बरं केलंत तुम्ही नाना."

"याचं बरं केलं," नाना म्हणाले. "सुशीलाच्या वेळी असला विचार करायची पाळीच आली नाय. गाडी करायची, न्यायचं, मशीनला लावायचं, घरी आणायचं. शेवटी शेवटी तिचा हात सुया टोचून काळा पडला होता. एकदा जिन्यातच खाली बसली. म्हणाली, आता पुरे झालं हो, मला नका नेऊ. मी म्हटलं, असं काय करतीस? आपल्याला कुठं पैसे पडत्यात?"

टेम्पो फाटकात वळला. नाना उठले, खुर्ची उचलून भिंतीला लावली.

"आणि नेलं," ते म्हणाले. "त्याच्या पुढंबी कितीतरी दिवस नेत होतो."