हिंगाची डबी

सूनबाईने हिंगाची प्लास्टिकची डबी घासून गच्चीत उन्हात ठेवली होती. “बाबा, दोनदा घासली तरी वास जात नाही,” ती म्हणाली.

जाणार कसा? तो प्लास्टिकच्या अंगातच मुरलाय. आमच्या हिने वीस वर्षं याच डबीतला हिंग फोडणीला टाकला. घट्ट वाटणाऱ्या वस्तूतही वासाचे कण आत शिरतात आणि तसेच हळूहळू बाहेर पडतात. ऊन लागलं की लवकर. शाळेत जन्मभर मी हेच शिकवलं.

हिला जाऊन उद्या महिना होईल.

मी डबी उचलली आणि माझ्या कपाटात, गार अंधारात ठेवली. वास तिथूनही जाणारच. निदान त्याने तरी माझ्याआधी जाऊ नये.