क्लॅरीला खाणारी मगर

वेल्मा क्रोगननं नवऱ्याच्या थडग्यावर कधी फूल ठेवलं नाही. मार्लो बेंडमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ऑस्ट्रेलियात, उत्तर क्वीन्सलंडमधल्या त्या नदीकाठच्या गावात असल्या गोष्टी कुणी विसरत नाही.

नवरा क्लॅरी नदीत जाळी लावून मासे धरायचा. धिप्पाड, तापट, दोन पेग पोटात गेले की गळा फाडून गाणारा. एका सकाळी तो जाळी काढायला गेला आणि वेल्मा त्याच्यासाठी नाश्ता झाकून वाट बघत बसली. दुपारी होडी खारफुटीत तोंड खुपसून पडलेली सापडली. माणसाचा पत्ता नव्हता. पुढच्या आठवड्यात वन्यजीव खात्याच्या माणसांनी एक मगर गोळी घालून मारली. तेवढी मोठी मगर गावात कुणी पाहिली नव्हती. तिच्या पोटातून क्लॅरीचं जे निघालं ते एका बादलीत मावलं.

अंत्ययात्रेत पेटी अगदीच हलकी लागू नये म्हणून आत वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या. चर्चच्या पायऱ्या उतरताना एक पिशवी फुटली. वाळू सळसळत एका कडेला गेल्याचा आवाज झाला. खांदेकऱ्यांनी ऐकला, वेल्मानंही ऐकला. त्या दिवसापासून तिच्या लेखी थडग्यात क्लॅरी नव्हताच. मगरीला शहरातल्या म्युझियमनं नेलं होतं, पेंढा भरून ठेवायला. बादलीत आला नाही तो सगळा क्लॅरी त्या मगरीत आहे, असं वेल्माच्या मनानं घेतलं. हे ती कुणाला बोलली नाही, आणि तिकडं जायचं धाडसही तिला झालं नाही. गावातली माणसं शहरात गेली की मगर बघून यायची, आणि वेल्मा दुकानात शिरली की विषय बदलायची.

अशी वर्षं गेली. मग तिचे डोळे जायला लागले. समोर बघितलं की मधोमध नुसतं धुकं, कडांना तेवढं दिसायचं. शहरातल्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, यावर इलाज नाही, उरलेलंही जाईल. सोबतीला नणंद नोरीन आली होती, क्लॅरीची धाकटी बहीण. रात्री मोटेलच्या खोलीत वेल्मा म्हणाली, "उद्या बस दुपारची आहे. सकाळी मी म्युझियममध्ये जाणार आहे."

नोरीन केसांच्या पिना काढत होती. ती थांबली.

"माझ्या भावाच्या थडग्याकडं इतक्या वर्षांत फिरकली नाहीस, आणि त्याला खाणारीला भेटायला चाललीस होय?"

"थडग्यात वाळू आहे, नोरीन."

"मला काय सांगतेस? मी बहिरी होते का तेव्हा? आवाज मीही ऐकलाय." नोरीननं पिना टेबलावर टाकल्या. "तरी जाते मी दर रविवारी. कुठंतरी जायला लागतं माणसाला."

वेल्मा भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. दिवा मालवल्यावर नोरीनच म्हणाली, "मी येते. एकटी गेलीस तर देवमाशाच्या सांगाड्याला आदळशील."

मगर तळमजल्यावर मोठ्या दालनाच्या मधोमध होती. जबडा उघडा, शेपटी वळवलेली. वेल्मा तिच्यापुढं उभी राहिली आणि तोंड बाजूला फिरवलं, कारण तिला डोळ्याच्या कडेनंच दिसायचं. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारी भिंतीवरची पाखरं बघतेय. शाळेची सहल आली होती. पोरं एकेक करून जबड्याशी डोकं नेत होती, बाई फोटो काढत होत्या. एकजण "वाचवा, वाचवा" म्हणून किंचाळला आणि सगळे हसले. नोरीननं ओठ आवळून धरले. वेल्मा आपली पाळी असल्यासारखी थांबून राहिली. पोरं बाजूला झाल्यावर ती भोवतीची दोरी ओलांडून गेली आणि तिनं मगरीच्या पोटावर तळहात ठेवला.

"मॅडम, हात नका लावू, प्लीज." म्युझियमची एक बाई लगबगीनं आली. पन्नाशीकडं झुकलेली, गळ्यात ओळखपत्र, त्यावर हॅना लोमॅक्स असं नाव.

"लावू दे की!" नोरीनचा आवाज दालनभर गेला. "हिच्या नवऱ्याला खाल्लंय त्या जनावरानं."

शाळेच्या बाईंनी मुकाट्यानं पोरं गोळा केली आणि पुढच्या दालनात नेली.

हॅनानं दोघींना बाकावर बसवलं, पाणी आणून दिलं. नोरीन पाटी वाचून आली. मगरीची लांबी होती, वजन होतं, नदीचं नाव होतं. क्लॅरीचं नव्हतं.

"घरच्यांना त्रास नको, म्हणून नाव घातलं नाही," हॅना म्हणाली. "तुम्हाला हवं असेल तर..."

"नावाचं राहू दे," वेल्मा म्हणाली. "मला एवढंच सांग पोरी, आत काय आहे?"

"आत?"

"पोटात."

हॅनानं नोरीनकडं पाहिलं. नोरीननं मान खाली घातली.

"फायबर आहे, आणि लोखंडी सळया. दात खरे आहेत आणि वरची कातडी खरी. बाकी त्या जनावराचं आत काही नाही."

"मग बाकीचं कुठं गेलं?"

"मी तेव्हा नवीन लागले होते. सोलायला मीही होते." हॅना अडखळली. "उन्हाळा होता हो. दोन दिवसांत सडायला लागलं. ट्रकमध्ये भरून कचरा डेपोवर नेलं आणि पुरलं. त्यात तुमचंही कुणी असेल, असं आम्हाला कुणालाच सुचलं नाही."

वेल्मानं ग्लासातलं पाणी संपवलं. मग तिनं पर्स काखेत धरली. "डेपो कुठं आहे?"

डेपो आता नव्हताच. कचऱ्यावर माती टाकून तिथं क्रिकेटचं मैदान केलं होतं. तरी त्या टॅक्सी करून गेल्या. फाटकाला कुलूप होतं. आत एक माणूस यंत्रानं गवत कापत होता. नोरीननं हाका मारून त्याला कुंपणाशी बोलावलं.

"जुन्या डेपोचे खड्डे कुठल्या अंगाला होते?"

"काय ठाऊक, बाई. सगळीकडंच असतील. पावसाळ्यात अजून प्लॅस्टिक वर येतं." त्यानं कपाळ पुसलं. "काही हरवलंय का तुमचं?"

"नाही," वेल्मा म्हणाली.

तो परत यंत्राकडं गेला. वेल्मा कुंपणाची जाळी धरून उभी होती. पुढ्यात हिरवं धुकं, कडेला खेळाडूंची शेड. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण रडली ती नोरीन. रस्त्याच्या कडेला, भर उन्हात, तोंडाला रुमाल लावून ढसाढसा रडली. वेल्मानं चाचपडत तिचा दंड धरला. "चल. बस चुकेल."

वर्ष सरता सरता वेल्माला दिसायचं पुरतं बंद झालं. नोरीननं तिला आपल्या घरी नेलं. दोघी दिवसभर कुरबुरायच्या, चहा कडक झाला, रेडिओ मोठा झाला. क्लॅरीचं नाव मात्र वेल्मा घेत नसे. नोरीननं काढलं तर ती उठायची आणि भिंतीला हात लावत आपल्या खोलीत जायची. म्युझियममधून फोन आला, पाटीवर नाव घालू का म्हणून. वेल्मानं नोरीनला सांगितलं, नको म्हण.

शेवटच्या आजारात पाद्री आले. क्लॅरीशेजारची जागा राखून ठेवलीय, असं त्यांनी सांगितलं. वेल्मानं नकारार्थी मान हलवली. "मला जाळा," ती म्हणाली. "एकदम सगळी जाळा. मागं काही ठेवू नका."

नोरीननं तसंच केलं. गावात त्यावरूनही बरंच बोललं गेलं.