झाकण न लावलेलं विमान

भाऊकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांचीच नक्कल करत होते. कॉलेजच्या कँटीनमध्ये मैत्रिणींची फर्माईश होती, म्हणून चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून, दम लागल्यासारखी थांबत थांबत मी म्हणत होते, "हात... नको लावूस... रंग ओला आहे." सगळ्या खिदळत होत्या. तेवढ्यात बाबांचा फोन. "भाऊ गेला गं," एवढंच म्हणाले. मी "काय?" म्हटलं तेसुद्धा काकांच्याच आवाजात... तो आवाज तोंडातून जाईचना.

आता महिना उलटून गेलाय आणि मला भांडायचंय. कारण जो भेटायला येतो तो "बिचारे" म्हणतो. बिचारे एकटे खोलीत बसायचे, बिचारे विमानं करून टाइमपास करायचे. भाऊकाका म्हणजे बाबांचे मोठे चुलतभाऊ. इथे उत्तरेत, दतिया गेटजवळ आमच्या शेजारच्याच घरात राहायचे, रेल्वेत कारकून होते, खऱ्या विमानात आयुष्यात बसले नाहीत. हे सगळं खरं. पण बिचारे? बिचारे आम्ही, रोज त्यांची बोलणी खाणारे!

त्यांच्याकडे डब्यातून प्लास्टिकचं लढाऊ विमान यायचं, सुट्या भागांचं. जोडलं की तळहाताएवढं. बाहेरून ते सगळे शौकीन करतात तसंच करायचे, पण कॉकपिटमध्ये, म्हणजे पायलट बसतो त्या जागेत, त्यांना डब्यातलं काही चालायचं नाही. "ही खुर्ची? हा तर जेवायचा पाट आहे!" असं म्हणत ते ती कापून फेकायचे आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत सगळं स्वतः घडवायचे. खुर्चीचे पट्टे, पट्ट्यांची बक्कलं, पायाखालची पेडलं, बटणं. बारीक तार आणायला बड़ा बाज़ारातल्या गोटा-जरीच्या दुकानात जायचे, मी सोबत. दुकानदार हटकून विचारायचा, "काय पंडज्जी, कौन कौ ब्याव है?" म्हणजे लग्न कुणाचं, आणि काका तितक्याच गंभीरपणे, "जहाज कौ." विमानाचं!

आणि एवढं करून शेवटी वरचं जाड, फुगीर पारदर्शक झाकण चिकटवून टाकायचे, ज्यातून आतलं सगळं अंधुक व्हायचं! मग आतलं कुणाला दिसणार, कप्पाळ? मी एकदा म्हटलंच, "काका, झाकण लावल्यावर कोण बघतंय?" त्यांनी चिमटा खाली ठेवला. "नौटंकी, तुझ्या पोटात आतडी आहेत ना? कुणाला दिसतात? काढून टाकू?"

मग फुफ्फुसं बिघडली. डॉक्टरांनी रंग आणि गोंदाचा वास बंद केला, सुधाकाकूंनी सगळ्या बाटल्या गव्हाच्या कोठीत लपवल्या. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, नाकात नळी आली. आम्हाला वाटलं, आता संपलं. कुठलं काय... "वास बंद केलाय, हात नाही," म्हणाले, आणि औषधांवरच तुटून पडले. गोळ्यांच्या पाकिटाच्या चकचकीत पन्नीची कॉकपिटमधली घड्याळं झाली, मलमपट्टीच्या चिकटपट्टीचे पट्टे झाले. चिकटवायला शाळकरी मुलांचा पांढरा गोंद, बिनवासाचा. डॉक्टर तपासायला आले की काका विचारायचे, "गोळी बदलताय? बदला, पण पन्नी सोनेरी बघा."

एका दुपारी मला भिंग देऊन म्हणाले, "खुर्चीच्या डावीकडे बघ." बघितलं तर दोऱ्यावर केसाएवढी तार गुंडाळून केलेली एक नळी. पायलटची ऑक्सिजनची नळी. मी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच्या नाकातली नळी नीट केली. "त्याला पण लागते. त्याला म्हणतं का कुणी बिचारा?"

मग दम खाऊन म्हणाले, "ह्याचं झाकण चिकटवायचं नाही. आजवर सगळ्यांची लावली. हे उघडं राहील. दिसू दे." हे ऐकायला खोलीत मी एकटीच होते. आणि नक्कल करणाऱ्या पोरीच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवतो?

कुणीच ठेवला नाही. तेराव्याचं जेवण आटपलं आणि पुण्याहून आलेल्या मकरंददादाने, काकांच्या मुलाने, ते विमान हॉलमध्ये आणलं. फोटोशेजारी काचेच्या पेटीत ठेवायचं होतं. कोठीतून गोंद काढला, झाकण हातात घेतलं. "बाबांचं अपुरं राहिलेलं पुरं करतो," म्हणाला. मनापासून म्हणाला, डोळे भरले होते त्याचे. मी म्हटलं, "दादा, ते अपुरं नाहीये. काकांनीच उघडं ठेवलंय." तो म्हणाला, "धूळ जाईल आत." आत्या म्हणाली, "बेटा, आज तरी नाटकं नकोत." बाबांनीही डोळे वटारले. दादाने गोंदाचं टोपण काढलं. एकदा चिकटलं की मग ती नळी, ती घड्याळं... काकांचं ते "दिसू दे" कायमचं गेलं असतं.

मी विचार केला नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि मागून म्हटलं, "हात... नको लावूस... मक्या!"

दादाचा हात जागच्या जागी थांबला, लहानपणी थांबायचा तसा. आणि आतून, स्वयंपाकघरातून, सुधाकाकूंचा आवाज आला, "अहो, किती ओरडता पोराला!"

काकूंच्या हातून पातेलं पडल्याचं ऐकू आलं. मी मार खायच्या तयारीत उभी. पण दादाने गोंदाला टोपण लावलं, भिंग मागितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बापाच्या कॉकपिटमध्ये बघितलं. बराच वेळ बघितलं. "ही नळी..." म्हणाला, आणि भिंग घेऊन काकूंकडे आत गेला.

आता ते विमान काकांच्याच टेबलावर असतं. काचेची पेटी नाही, झाकण शेजारी वाटीत. रोज सकाळी काकू काकांच्याच सगळ्यात बारीक ब्रशने आतली धूळ झटकतात, हात थरथरू न देता. परवा एक शेजारी आले, "बिचारे, किती बारीक काम," म्हणत त्यांनी बोट पुढे केलं. मी चष्मा ओढायला हात वर नेला, पण त्याआधीच काकू थांबत थांबत म्हणाल्या, "हात... नको लावूस..."

हुबेहूब. माझ्यापेक्षा चांगलं.