ब्रेक मी मारला नाही

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. इंजिनाला लिंबू-मिरची बांधू न देणारा नांदेडचा मी बहुधा एकटाच लोको पायलट असेन. तरी हे इथं लिहितोय, कारण ऑफिसात सांगून सांगून थकलो.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भर दुपारी मालगाडी घेऊन लातूर रोडहून उदगीरकडे निघालो होतो. सोबत असिस्टंट केंद्रे. गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा सगळीकडे बसवा, असा सरकारचा आदेश आहे. आमच्या इंजिनात तिची पेटी बसली होती, पण त्या मार्गावरचं काम व्हायचं होतं. म्हणून पेटी बंद, वर सील.

वळणाआधी सिग्नल हिरवा. दोघांनीही सिग्नलकडे हात करून मोठ्यानं रंग सांगायचा, ही आमची पद्धत. "हिरवा," मी म्हणालो. "हिरवा," केंद्रे म्हणाला. माझा एक हात वर, दुसरा हॉर्नवर. केंद्रे त्याच्या खिडकीशी, त्याचाही हात वरच. आणि तेवढ्यात... ब्रेकचं हँडल माझ्या डोळ्यांदेखत सरकत गेलं. खोटं कशाला बोलू, मी घाबरलो. हात लावायचं सुचलंच नाही.

वळण संपलं, तर रुळावर चौघं ट्रॅकमन जॅक लावून काम करत होते. गाडी येतेय हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. त्यांच्यापासून वीसेक पावलांवर गाडी थांबली.

चौकशीत इंजिनिअर म्हणाले, पेटी बंदच होती. चालू असती तरी ती हँडल हलवत नाही. हँडल तपासलं, ठणठणीत. मग साहेबांनी कागद पुढे केला - 'धोका ओळखून मी ब्रेक मारला.' सही केली तर शाबासकीचं सर्टिफिकेट. नाही केली तर डोक्याची तपासणी, आणि इंजिनावर बसणं बंद.

केंद्रेची बढती तोंडावर होती. त्यानं जबाबात लिहिलं, 'सरांनीच मारला.' मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, सही मारून मोकळे व्हा की. चार माणसं वाचली, हे काय कमी हाय? लोक येडं म्हनतील तुमाला."

"म्हणू दे. आज हललं ते बरं झालं. उद्या नको तिथं हललं, तर?"

सही केली नाही. आता ड्युट्या लावायच्या टेबलावर बसवलंय मला. बावीस वर्षं गाडी चालवली. बाहेर हॉर्न वाजला की जीव तुटतो, रागही येतो. पण खोट्यावर सही? मेलो तरी नाही.

परवा केंद्रे टेबलाशी आला. आता तोही लोको पायलट झालाय. इकडंतिकडं बघत हळूच म्हणाला, "सर, त्या इंजिनाच्या गाडीवर मला नका लावू."

"कारण लिहून दे. आणि कागद साहेबांकडे जाईल, आधीच सांगतो."

त्यानं टेबलावरचा कोरा कागद ओढला. मग लिहिलं, 'त्या दिवशी हँडल आपोआप हललं. मी पाहिलं.' खाली सही केली.

"जाऊ द्या साहेबाकडं," म्हणाला.

हँडल कोणी हलवलं, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा. कागद मात्र मी साहेबांच्या टेबलावर ठेवून आलोय - म्हणावं, आता वेडे दोन झालेत.