काटा आणि तळहात

म्हस्कूआप्पा कोळेकर मला पहिल्यांदा दिसले ते पाठमोरे. दौंड स्टेशनबाहेर, रेल्वे कॉलनीकडे वळणाऱ्या रस्त्यावर त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी शिकवत होते त्या शाळेचा रेडिओ बंद पडला होता, म्हणून मी तो पिशवीत घालून तिथं नेला. शहाण्णव साल असावं. मी दोनदा हाक मारली, पण आप्पांनी मान वळवली नाही. पुढ्यात एक उघडा रेडिओ होता, त्यातून निघालेल्या दोन तारा मीटरला जोडल्या होत्या आणि आप्पांची नजर मीटरच्या काट्यावर होती. गृहस्थ जरा शिष्ट दिसतोय, असं मनात आलं.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, टेबलावर दोनदा थापटलं. आप्पा वळले आणि इतकं निर्मळ हसले की माझा राग तिथंच विरला.

"काटा कशाला लागतो हो? कानाला कळत नाही का?" मी सहज विचारलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

"कान फसतो, बाई. स्टेशन लांबचं असलं की रेडिओ आपसूक जोर लावतो, जवळचं असलं की आवरतं घेतो. म्हंजी आपल्याला दोन्ही सारखीच ऐकू येत्यात. लहर खरी किती आली, ते ह्यो काटा सांगतो." त्यांनी आतल्या कॉइलचा स्क्रू केसभर फिरवला, तसा काटा वर सरकला. "ह्या जागी तो सगळ्यात वर जातो. इथंच सोडायचं."

"म्हणजे काटा सगळं सांगतो."

"न्हाई. काटा लहर मोजतो, बोलणं न्हाई. येणारा रडतोय का गातोय, ते त्याला ठावं नसतं."

त्यांचे वडील मेंढरं राखायचे. खांद्यावर घोंगडी आणि घोंगडीत ट्रान्झिस्टर, अशी त्यांची फिरस्ती. तो ट्रान्झिस्टर उघडून बघण्याच्या नादात आप्पांना हा धंदा लागला.

त्यांची मुलगी प्रतिभा पुढं माझ्या वर्गात आली. आवाज गोड, पण बोलायची फार मोठ्यानं. एकदा मी म्हटलं, "अगं, मी काय बहिरी आहे?" वर्ग हसला, पण तिचा चेहरा उतरला. मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली. "आमच्या आप्पांना ऐकू येत न्हाई, बाई. आधी थोडं यायचं, आता कायच न्हाई. कुनाला सांगू नका. गिऱ्हाईक तुटंल."

मग दुकानाचा सगळा उलगडा झाला. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम वच्छलाबाईंचं होतं. रेडिओ नीट लागला की नाही, हे आप्पा काट्यावर बघत. तो बोलतोय की मुका आहे, हे कळायला स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवत. जाळी थरथरली की रेडिओ दुरुस्त. वच्छलाबाई जवळ असल्या तर मान हलवून दुजोरा देत.

एका बाजारच्या दिवशी त्या भाजीला गेल्या होत्या. खुटबावचे हौसराव, बडे बागायतदार आणि तोंडाचे फटकळ, त्यांचा रेडिओ आप्पांनी एकट्यानं तयार करून दिला. काटा वर होता, जाळीही थरथरत होती. दुसऱ्या दिवशी हौसराव दुकानात हजर.

"आप्पा, ह्यात बातम्या न्हाईत, नुस्त्या माश्या घोंगावत्यात! मधाचं पोळं बसवलंय व्हय?"

घोंगावण्यानंही जाळी तितकीच थरथरते, हे आप्पांना तेव्हा उमगलं. "सेल उतरला असंल, मामा," असं काहीतरी बोलून त्यांनी वेळ मारून नेली. पण हौसराव जाताना त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. आप्पांच्या कानांबद्दल बाजारात कुजबुज सुरू झाली.

त्याच सुमारास प्रतिभाचं गाणं पुणे केंद्रावर लागणार असं ठरलं. मुलांच्या कार्यक्रमासाठी मीच तिला ध्वनिमुद्रणाला घेऊन गेले होते. आजीकडून शिकलेली बिरोबाची ओवी ती गायली. आप्पांना वाटलं, लेक रेडिओवर, तेही आपल्या हातच्या रेडिओवर ऐकली की लोकांची तोंडं आपोआप बंद होतील. त्या रविवारी सकाळी त्यांनी दुकानापुढं बाकडी मांडली, पेढे आणले, कॉलनीतल्या लोकांना बोलावलं. हौसरावांनाही निरोप धाडला. तेही आले.

"बघू, लेक गाती का माश्या गात्यात," असं म्हणत ते पुढच्याच बाकावर बसले.

आप्पांनी मीटर सगळ्यांना दिसेल असा ठेवला. काटा चढला आणि वर जाऊन थांबला. "बघा, कशी भरून आलीया लहर!" असं म्हणून त्यांनी जाळीवर हात ठेवला. निवेदिका बोलली आणि गाणं सुरू झालं. आप्पांचे डोळे मिटले, गालांवरून पाणी आलं. प्रतिभाचं गाणं पहिलं असणार, असं ते धरूनच चालले होते.

पण ती दुसऱ्याच शाळेतली मुलगी होती.

गाणं संपलं. जाळी शांत झाली तसा आप्पांनी हात काढला आणि प्रतिभाकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "झ्याक गायलीस गं लेकी! माझ्या आईवाणी गायलीस!"

त्याच क्षणी रेडिओतून प्रतिभाचा आवाज उमटला.

प्रतिभानं वडिलांकडे बघत मान डोलावली. "व्हय आप्पा," ती म्हणाली. आप्पा पेढे वाटू लागले. वाटताना तिच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होते, रेडिओवर तिचंच गाणं चालू असताना त्यावरून बोलत होते. हौसरावांनी पेढा घेतला आणि मान खाली घातली.

वच्छलाबाईंना मात्र ते पाहवेना. त्या उठल्या, आप्पांचं मनगट धरलं आणि त्यांचा हात जाळीवर नेऊन ठेवला. जाळी थरथरत होती. आप्पांनी काट्याकडे बघितलं. काटा मघाच्याच जागी होता. मग त्यांनी आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि शेवटी प्रतिभाच्या. गाणं संपेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

"कशाला सांगितलंस, आई?" प्रतिभा नंतर एवढंच म्हणाली.

"मग काय, दुसरीचं गाणं उराशी धरून जगू देऊ त्यांना?" वच्छलाबाई म्हणाल्या.

त्यानंतर आप्पांना कुणी टोमणा मारला नाही. हौसरावांनीसुद्धा नाही. पण रेडिओही कुणी आणले नाहीत. वर्षभरात दुकान बंद झालं आणि आप्पा सणसवाडीच्या एका कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर लागले. एकदा गाडीत भेटले, तेव्हा खुणांनी दाखवत म्हणाले, "लई आवाज असतो म्हनत्यात तिथं. सगळी हातवाऱ्यानंच बोलत्यात. तिथं मी वेगळा न्हाई, बाई." आणि हसले. ते पहिल्या दिवसाचं हसू नव्हतं.

प्रतिभा शिकून परिचारिका झाली. लग्नानंतर शिरूरला असते. वच्छलाबाई गेल्यावर तिनं वडिलांना आपल्याकडे नेलं. मागच्या वर्षी मी तिच्या घरी गेले होते. मीटर कुठं दिसला नाही आणि मीही विचारलं नाही. ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती. मी आत डोकावले तशी ती थांबली.

आप्पांनी दोन शेळ्या पाळल्या आहेत. सकाळी त्यांना घोडनदीच्या काठानं चारायला नेतात आणि ऊन चढायच्या आत घरी परततात.